चामड्याच्या वस्तूचे वेष्टन : कारागिरीचा शेवटचा टप्पा

पाकीट, कंबरपट्टा, कार्डधारक, किल्ल्यांचा कप्पा, पारपत्राचे आवरण अशा चामड्याच्या लहान वस्तूंची नवी मालिका बाजारात आणताना उद्योजक चामड्याची निवड, कापणी आणि शिलाई यांवर कित्येक महिने घालवतो. परंतु या वस्तू ज्या खोक्यातून, पिशवीतून आणि कागदातून ग्राहकाच्या हाती जाणार असतात, त्यांचा विचार बहुधा शेवटच्या आठवड्यावर ढकलला जातो. छापखान्यात जाऊन तयार मापाचे खोके निवडायचे, त्यावर नाव सोनेरी अक्षरांत उमटवून घ्यायचे आणि माल रवाना करायचा, एवढाच या कामाचा आवाका समजला जातो. चामडे मात्र हवेतील ओलाव्याशी सतत देवघेव करते, लोखंड-पितळेच्या संपर्कात डागाळते आणि प्लास्टिकच्या काही प्रकारांशी चिकटते, त्यामुळे वेष्टन चुकले तर कारागिराने महिनाभर राबून केलेली वस्तू गोदामातच खराब होऊ शकते. म्हणून चामडी मालिकेच्या वेष्टनाची आखणी छपाईपासून करण्याऐवजी चामड्यापासून करावी, आणि संरक्षण, माप, माहिती व सजावट या क्रमाने ती पुढे न्यावी, हे या विषयाचे मुख्य सूत्र मानले पाहिजे.

महाराष्ट्रात या प्रश्नाला विशेष महत्त्व आहे. मुंबईच्या धारावीत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तमिळ प्रदेशातून आलेल्या चर्मव्यावसायिकांनी कातडी कमावण्याचे काम सुरू केले; जवळच वांद्र्याचा कत्तलखाना होता, तो १९७१ मध्ये देवनारला गेला आणि पुढे धारावीतील कातडी कमावण्याचे काम मागे पडून तयार चामड्यापासून पाकिटे, पट्टे आणि पिशव्या शिवण्याचा व्यवसाय वाढला. दुसरीकडे कोल्हापूर आणि त्याच्या आसपासच्या जिल्ह्यांत वनस्पतिजन्य पद्धतीने कमावलेल्या चामड्याची परंपरा आहे. या दोन्ही ठिकाणचे लहान उत्पादक आज दुकानदाराला घाऊक माल देण्याबरोबरच स्वतःच्या नावाने, थेट ग्राहकाला, कुरिअरने माल पाठवू लागले आहेत. घाऊक विक्रीत खोक्याची जबाबदारी बहुधा खरेदीदार ब्रँडची असे. स्वतःच्या नावाने विकताना ती कारागिरावर येते, आणि तिथेच या विषयाचे ज्ञान आवश्यक ठरते.

वेष्टनाचे थर आणि त्यांचा इतिहास

पॅकेजिंगच्या शास्त्रात वेष्टनाचे तीन थर मानले जातात. वस्तूला प्रत्यक्ष स्पर्श करणारे आवरण, म्हणजे पातळ कागद किंवा कापडी पिशवी, हा पहिला थर. दुकानात मांडले जाणारे आणि ग्राहकाच्या हाती पडणारे खोके हा दुसरा. आणि अनेक खोकी एकत्र करून वाहतुकीसाठी वापरली जाणारी मोठी पेटी हा तिसरा. थेट घरपोच विक्रीत दुसऱ्या आणि तिसऱ्या थरांमध्ये कुरिअरच्या पाकिटाची किंवा लहान नालीदार खोक्याची भर पडते. प्रत्येक थराचे काम वेगळे असल्यामुळे एका थराची उणीव दुसऱ्याने भरून निघत नाही. बाहेरचे खोके कितीही मजबूत असले तरी आतला कागद चामड्याला मानवणारा नसेल तर डाग पडायचा तो पडतोच.

आज सर्वत्र दिसणारे कागदी खोके तुलनेने अलीकडचे आहे. नालीदार, म्हणजे आत लाटांसारखा दुमडलेला थर असलेल्या कागदाचे पेटंट १८५६ मध्ये इंग्लंडमध्ये घेतले गेले, तेव्हा तो पुरुषांच्या उंच टोप्यांच्या आतील अस्तरासाठी वापरला जात होता. १८७१ मध्ये न्यूयॉर्कच्या अल्बर्ट जोन्सने बाटल्यांसारख्या नाजूक वस्तू गुंडाळण्यासाठी त्याचा उपयोग सुचवला. १८७९ मध्ये ब्रुकलिनच्या रॉबर्ट गेअर यांनी पुठ्ठा कापणे आणि त्यावर घडीच्या रेषा पाडणे ही दोन्ही कामे एकाच दाबात करण्याची पद्धत बसवली, आणि सपाट अवस्थेत साठवून हवे तेव्हा उभे करता येणारे घडीचे खोके स्वस्त झाले. घोड्यांचे साज करणारी कार्यशाळा म्हणून १८३७ मध्ये सुरू झालेल्या पॅरिसच्या एर्मेस या चर्मवस्तूंच्या संस्थेचे नारिंगी खोके आज जगभर ओळखले जाते. त्याचा उगम मात्र दुसऱ्या महायुद्धातील टंचाईत आहे, कारण नेहमीचा फिकट पुठ्ठा मिळेनासा झाला तेव्हा पुरवठादाराकडे उरलेला नारिंगी पुठ्ठा वापरावा लागला आणि पुढे तोच रंग संस्थेची खूण बनला. महागड्या सजावटीवाचूनही, एकच रंग अनेक वर्षे सातत्याने वापरल्याने ओळख घडते, हा त्यातून लहान उत्पादकाने घेण्याजोगा बोध आहे.

चामड्याचा स्वभाव

चामडे म्हणजे प्राण्याच्या कातडीतील कोलॅजेन या प्रथिनाचे तंतू, जे कमावण्याच्या प्रक्रियेत कुजण्यापासून सुरक्षित केलेले असतात. या तंतूंमध्ये नेहमीच थोडे पाणी असते आणि सभोवतालच्या हवेनुसार त्याचे प्रमाण कमीअधिक होते. हवेत सामावू शकणाऱ्या कमाल बाष्पाच्या तुलनेत प्रत्यक्ष किती बाष्प आहे याचे प्रमाण म्हणजे सापेक्ष आर्द्रता. ती साधारण ६५ ते ७० टक्क्यांच्या वर दीर्घकाळ राहिली की चामड्यावर बुरशी वाढण्यास अनुकूल स्थिती निर्माण होते, आणि ती फार खाली गेली तर चामडे कोरडे पडून ताठर होते. कोकण किनाऱ्यावर जुलै-ऑगस्टमध्ये सापेक्ष आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते, हे लक्षात घेतले तर मुंबईत पावसाळ्यात शिवलेले आणि त्याच दिवशी बंद केलेले पाकीट महिन्याभराने पांढरे ठिपके घेऊन का उघडते, याचे उत्तर मिळते. पाण्यात विरघळणारा गोंद वापरला असेल तर त्याचा ओलावाही आत कोंडला जातो. चामड्यावर दिसणारा प्रत्येक पांढरा थर बुरशीचा असतोच असे नाही. कमावताना घातलेले तेल-मेणासारखे स्निग्ध पदार्थ थंडीत पृष्ठभागावर येऊनही पांढुरकी साय धरते, परंतु ती हलक्या उष्णतेने वितळते, बुरशी वितळत नाही. ग्राहकाकडून तक्रार आली की हा फरक ओळखता येणे उपयोगी पडते.

कमावण्याच्या पद्धतीप्रमाणे वेष्टनाचे नियमही बदलतात. क्रोम पद्धतीत क्रोमियमचे क्षार वापरले जातात आणि चामडे मऊ, रंग नीट धरणारे होते. वनस्पतिजन्य पद्धतीत बाभळीची साल, हिरडा अशा पदार्थांतील टॅनिन वापरले जाते. टॅनिनचा ओलाव्याच्या उपस्थितीत लोखंडाशी संयोग झाला की निळसर काळे संयुग तयार होते. शतकानुशतके लिहिण्याची शाई याच क्रियेने बनवली जात होती. त्यामुळे वनस्पतिजन्य चामड्याच्या वस्तूला स्टेपलरची पिन, साधी टाचणी किंवा गंजणारी तार लागली आणि हवा दमट असली तर पुसता न येणारा काळा डाग पडतो. किमतीचा टॅग अडकवण्यासाठी पिन वापरण्याऐवजी सुती दोरा वापरण्याचा आग्रह याच कारणाने धरला जातो. पितळेच्या बकलाचा आणि रिव्हेटचा प्रश्न याच्या उलट दिशेने येतो: चामड्यातील आम्ल आणि स्निग्ध पदार्थ यांच्या सान्निध्यात पितळेतील तांब्यावर हिरवट मेणासारखा थर चढतो, म्हणून बकल आणि चामडे यांच्यामध्ये कागदाची घडी ठेवणे हिताचे असते.

आतल्या कागदाची निवड करताना तो आम्लरहित आहे की नाही, हे पाहिले पाहिजे. साध्या लगदी कागदात कालांतराने आम्ल तयार होते आणि काही पुनर्वापरित कागदांतील गंधकयुक्त द्रव्ये धातू काळवंडवतात. आतून भरावासाठी वर्तमानपत्र वापरण्याची सवय स्वस्त वाटली तरी त्याची शाई फिकट चामड्यावर उमटते. पीव्हीसी या प्लास्टिकला मऊ करण्यासाठी मिसळलेली तेलकट द्रव्ये हळूहळू बाहेर येऊन चामड्यावरील रंगलेपाला चिकट करतात, त्यामुळे पारदर्शक पीव्हीसी पिशवी दिसायला आकर्षक असली तरी चामड्यासाठी ती सर्वांत अयोग्य निवडींपैकी एक आहे.

या सर्व अडचणींवर मांजरपाटाची, म्हणजे न रंगवलेल्या सुती कापडाची पिशवी हा साधा आणि परिणामकारक उपाय आहे. ती धूळ अडवते, हवा खेळती ठेवते आणि ग्राहकाकडे वर्षानुवर्षे वापरात राहते. मात्र कापडावरची खळ धुऊन काढलेली असावी, कारण खळीतील पिष्ट पदार्थ हे बुरशीचे अन्न असते. पिशवी रंगीत असेल तर तिचा रंग ओलाव्यात सुटत नाही याची खात्री आधी करून घ्यावी. कोल्हापूरच्या उत्पादकाला असे कापड इचलकरंजीच्या यंत्रमागांवरून जवळच मिळू शकते. बाजारात नॉन-वोव्हन नावाने मिळणाऱ्या पिशव्या कापडासारख्या दिसत असल्या तरी त्या पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकच्याच असतात, हे खरेदी करताना ध्यानात ठेवावे.

ओलाव्याचा बंदोबस्त

खोक्यात टाकलेली सिलिका जेलची पुडी हा ओलाव्यावरचा हमखास उपाय समजला जातो, परंतु तिच्या मर्यादा समजून घेतल्याशिवाय तिचा उपयोग होत नाही. सिलिका जेलच्या सूक्ष्म छिद्रांमध्ये बाष्प धरले जाते आणि दमट हवेत ते स्वतःच्या वजनाच्या सुमारे एक तृतीयांशापर्यंत पाणी शोषू शकते. त्यानंतर पुडी निष्क्रिय होते. पुठ्ठ्याच्या खोक्यातून हवा सतत आत-बाहेर होत असल्याने पावसाळ्यात ही मर्यादा काही दिवसांतच गाठली जाते. म्हणजेच पुडीचा खरा उपयोग हवाबंद आवरणातच होतो. रंग बदलून ओलावा दाखवणाऱ्या निळ्या जेलमध्ये कोबाल्ट क्लोराइड असते आणि युरोपात ते कर्करोगकारक म्हणून वर्गीकृत असल्यामुळे ग्राहकोपयोगी मालात रंगहीन जेल वापरणे योग्य ठरते.

पुडीपेक्षा अधिक मोलाची गोष्ट म्हणजे वस्तू बंद करण्यापूर्वी तिला पुरेसे सुकू देणे. ५० ते ६० टक्के सापेक्ष आर्द्रतेच्या, हवेशीर आणि सावलीच्या खोलीत वस्तू एक-दोन दिवस उघडी ठेवली तर गोंदाचा आणि चामड्याचा जादा ओलावा निघून जातो. किनारपट्टीवरील उत्पादकाने यासाठी एका लहान खोलीत आर्द्रताशोषक यंत्र बसवले तर तो खर्च खराब झालेल्या एका खेपेत वसूल होतो. समुद्रमार्गे निर्यात होणाऱ्या मालाला आणखी एक धोका असतो: दिवसा तापणाऱ्या आणि रात्री गार होणाऱ्या कंटेनरच्या छतावर बाष्पाचे थेंब जमून ते मालावर टपकतात. अशा वेळी मोठ्या पेटीच्या आत प्लास्टिकचे हवाबंद अस्तर आणि पुरेशा शोषक पुड्या लागतात. मात्र आत ठेवलेला माल आधीच सुकलेला नसेल तर हेच अस्तर ओलावा कोंडून ठेवते आणि नुकसान वाढवते.

बुरशी रोखण्यासाठी रसायनांच्या आहारी जाणे किती घातक ठरू शकते, याचे उदाहरण युरोपात घडले. चामड्याच्या सोफ्यांत आणि पादत्राणांत डायमिथाइल फ्युमरेट या बुरशीनाशकाच्या पुड्या घातल्यामुळे फिनलंड, ब्रिटन, फ्रान्स आदी देशांतील ग्राहकांच्या त्वचेवर तीव्र पुरळ आणि जखमा झाल्या. २००९ मध्ये युरोपीय संघाने या द्रव्याला बंदी घातली आणि प्रत्येक किलोग्रॅममागे ०.१ मिलिग्रॅम ही कमाल मर्यादा ठरवली. २०१५ पासून त्वचेला लागणाऱ्या चामड्यातील षट्संयुजी क्रोमियमवरही किलोग्रॅममागे ३ मिलिग्रॅमची मर्यादा आहे. निर्यातीचा विचार करणाऱ्या उत्पादकाने आतल्या पुडीत काय आहे याचे लेखी प्रमाणपत्र पुरवठादाराकडून घ्यायलाच हवे.

माप आणि रचना

वेष्टनाचा आराखडा मालिकेतील सर्व वस्तूंची मापे एका तक्त्यात लिहून सुरू करावा, आणि ती मापे कोऱ्या नमुन्याची न घेता प्रत्यक्ष शिवलेल्या वस्तूची घ्यावीत, कारण शिलाई आणि अस्तरामुळे जाडी वाढते. प्रत्येक वस्तूसाठी वेगळे खोके करण्यापेक्षा पाच-सहा वस्तूंसाठी दोन किंवा तीन मापांचे कुटुंब ठरवणे शहाणपणाचे असते. उदाहरणार्थ, घडीचे पाकीट साधारण ११ सेंटिमीटर लांब, ९ सेंटिमीटर रुंद आणि २ सेंटिमीटर जाड असेल तर त्याच्या खोक्यात कार्डधारक आणि किल्ल्यांचा कप्पाही पुठ्ठ्याच्या एका आतील आधारावर बसवता येतात. वस्तूभोवती प्रत्येक बाजूला ३ ते ५ मिलिमीटर मोकळी जागा पुरते. जास्त असेल तर वस्तू आत हलून कडा झिजतात, कमी असेल तर ती बाहेर काढताना चामड्यावर घडी पडते.

कंबरपट्ट्याचा विचार वेगळा करावा लागतो. लांब खोक्यात तो सरळ ठेवला तर जागा वाया जाते, आणि फार घट्ट गुंडाळला तर चामड्याला वळणाची कायमची सवय लागते व दर्शनी बाजूस सुरकुत्या येतात. मधल्या पोकळीचा व्यास ६ ते ७ सेंटिमीटर राहील असा सैल वेटोळा केला तर नेहमीच्या लांबीचा पट्टा सुमारे १२ सेंटिमीटरच्या चौरस खोक्यात बसतो. मध्ये पुठ्ठ्याची नळी ठेवली की वेटोळ्याचा आकार टिकतो आणि बकल चामड्यावर घासत नाही.

खोक्याच्या रचनेचे तीन प्रमुख प्रकार आहेत. कडक खोके, ज्याला बाजारात रिजिड बॉक्स म्हणतात, दीड ते दोन मिलिमीटर जाड कप्पा बोर्डावर छापील कागद चिकटवून हाताने बांधले जाते. ते दिसायला भारदस्त असते, पण सपाट करता येत नसल्याने साठवणीस जागा खाते. घडीचे खोके, म्हणजे मोनो कार्टन, ३०० ते ३५० जीएसएमच्या बोर्डापासून बनते आणि सपाट अवस्थेत येते. जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचे ग्रॅममधील वजन. तिसरा प्रकार नालीदार पुठ्ठ्याच्या खोक्याचा, ज्यात दोन सपाट कागदांमध्ये एक नालीदार थर असला तर त्याला तीन प्लाय आणि असे दोन थर असले तर पाच प्लाय म्हणतात. दीड मिलिमीटरच्या आसपास जाडीच्या बारीक नालीवर छपाई सुबक होते आणि धक्काही सोसला जातो, म्हणून थेट कुरिअरने जाणाऱ्या लहान चर्मवस्तूंसाठी तो उत्तम मध्यममार्ग आहे. मात्र अतिदमट हवेत नालीदार पुठ्ठ्याची दाब सोसण्याची ताकद जवळपास निम्म्यावर येऊ शकते, त्यामुळे पावसाळ्यात पेट्यांची थप्पी कमी उंचीची ठेवावी लागते.

रचना ठरली की छपाईपूर्वी कोऱ्या पुठ्ठ्याचा डमी, म्हणजे प्रत्यक्ष मापाचा नमुना, हाताने कापून बनवला जातो. त्यात वस्तू घालून, बंद करून, पुन्हा उघडून पाहिल्यावरच डाय बनवायला द्यावा. लाकडी फळीत पोलादी पाती बसवून केलेला हा साचा एकदा तयार झाला की एका मिलिमीटरची चूकही हजारो खोक्यांत जशीच्या तशी उतरते.

छपाई आणि सजावट

चामडे स्वतःच पोत, रंग आणि वास असलेला पदार्थ असल्यामुळे त्याच्या खोक्याने त्याच्याशी स्पर्धा करू नये. तपकिरी क्राफ्ट कागदावर एका गडद रंगात छापलेले नाव बहुतेक चामडी मालिकांना शोभते. फक्त हा कागद शाई शोषून घेत असल्याने रंग मूळ आराखड्यापेक्षा गडद आणि मळकट दिसतात हे ध्यानात ठेवून त्याच कागदावर छापलेला नमुना पाहूनच मंजुरी द्यावी. चार रंगांच्या मिश्रणाने ओळखीचा रंग प्रत्येक खेपेत तंतोतंत जुळत नाही, म्हणून मुख्य रंगासाठी आधीच मिसळलेली एकच विशेष शाई वापरणे चांगले. नाव उमटवण्यासाठी गरम ठशाने सोनेरी पापुद्रा दाबून चिकटवण्याची फॉइलिंगची पद्धत आणि शाईविना उठाव देण्याची एम्बॉसिंगची पद्धत अशा दोन्ही वापरात आहेत. चामड्यावरही नाव ठशानेच दाबलेले असेल तर खोक्यावरील एम्बॉसिंग त्याच्याशी सुसंगत दिसते.

लॅमिनेशन म्हणजे छापील कागदावर चढवलेला प्लास्टिकचा पातळ पापुद्रा. तो ओरखड्यांपासून संरक्षण देतो, पण कागद आणि प्लास्टिक एकजीव झाल्याने त्या खोक्याचा पुनर्वापर कठीण होतो. त्याऐवजी पाण्यावर आधारित लेप बहुतेक वेळा पुरेसा ठरतो. झाकणात चुंबक बसवलेली खोकी हल्ली लोकप्रिय आहेत, तथापि चुंबकामुळे खर्च वाढतो आणि खोके रद्दीतही नीट जात नाही. टॅग आणि माहितीपत्रासाठी सुती चिंध्यांपासून बनवलेला हातकागद वापरता येतो. पुण्यात १९४० पासून हातकागदाची संस्था हे काम करीत आली आहे आणि अशा कागदाचा खरबरीत पोत वनस्पतिजन्य चामड्याशी जुळतो.

खर्चाचे गणित

लहान उत्पादकाला खोक्याचा दर ऐकून धक्का बसतो तो एकदाच करावयाच्या खर्चामुळे. समजा डाय, छपाईच्या प्लेटा आणि फॉइलचा ठसा मिळून १२,००० रुपये लागले, तर २०० खोक्यांमागे प्रत्येकी ६० रुपये आणि २,००० खोक्यांमागे प्रत्येकी ६ रुपयेच पडतात. म्हणून सुरुवातीला कमी माल काढायचा असेल तर कोऱ्या क्राफ्ट खोक्यांभोवती छापील कागदी पट्टी गुंडाळणे किंवा रबरी शिक्क्याने नाव उमटवणे अधिक किफायतशीर असते, आणि विक्रीचा अंदाज आल्यावर डायचा खर्च करता येतो.

वाहतुकीचे गणित तर अनेकांच्या नजरेतून पूर्णपणे सुटते. कुरिअर कंपन्या प्रत्यक्ष वजन आणि आकारमानावरून काढलेले वजन यांपैकी जे जास्त असेल त्यावर दर लावतात. आकारमानाचे वजन काढण्यासाठी लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये गुणून येणाऱ्या संख्येला साधारणतः ५,००० ने भागले जाते. ३० × २० × १० सेंटिमीटरच्या तयार खोक्यात १०० ग्रॅमचे पाकीट पाठवले तर हिशेबात ते १.२ किलोग्रॅम धरले जाते. १६ × १४ × ६ सेंटिमीटरच्या नेमक्या खोक्यात तेच सुमारे २७० ग्रॅम भरते आणि अर्ध्या किलोच्या दरात जाते. खोक्याच्या मापावर दिलेला एक दिवस प्रत्येक पार्सलमागे पैसे वाचवीत राहतो.

कायद्याने सांगावयाची माहिती

ग्राहकाच्या गैरहजेरीत आधीच बंद केलेली वस्तू ‘आवेष्टित वस्तू’ ठरते आणि तिला वैधमापनशास्त्र (आवेष्टित वस्तू) नियम, २०११ लागू होतात. त्यानुसार उत्पादकाचे किंवा आवेष्टकाचे नाव व पत्ता, वस्तूचे सर्वसामान्य नाव, नगांची संख्या, उत्पादनाचा महिना व वर्ष, सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत आणि ग्राहकाने तक्रारीसाठी संपर्क कुठे साधावा याचा तपशील खोक्यावर छापावा लागतो. पट्ट्यासारख्या वस्तूला मापही द्यावे लागते. किंमत आणि महिना बदलत असल्याने हा मजकूर खोक्यावर कायमचा छापण्यापेक्षा त्यासाठी तळाशी चौकट राखून लेबल लावणे सोयीचे होते.

प्लास्टिकविषयीचे नियमही पाहावे लागतात. महाराष्ट्राने २०१८ मध्ये प्लास्टिकच्या पिशव्यांवर आणि थर्माकोलच्या अनेक वस्तूंवर बंदी घातली, तर केंद्र शासनाने १ जुलै २०२२ पासून एकदा वापरून फेकण्याच्या ठरावीक प्लास्टिक वस्तू बंद केल्या. युरोपीय संघाचा पॅकेजिंगविषयीचा नवा नियम १२ ऑगस्ट २०२६ पासून लागू होण्याचे ठरले असून, त्यात पुढील टप्प्यावर वाहतुकीच्या आणि घरपोच विक्रीच्या पेट्यांतील रिकामी जागा निम्म्याहून अधिक नसावी अशी तरतूद आहे, आणि कागदाचे तुकडे किंवा हवेच्या पिशव्यांनी भरलेली जागाही रिकामीच धरली जाते.

भौगोलिक मानांकनाबाबत विशेष दक्षता हवी. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये हे मानांकन मिळाले असून त्यात महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील चार जिल्ह्यांचा समावेश आहे. हे मानांकन चपलेचे आहे, आणि नोंदणीकृत अधिकृत वापरकर्त्यालाच त्याचे चिन्ह वापरता येते. त्यामुळे कोल्हापुरात शिवलेल्या पाकिटाच्या खोक्यावर ते चिन्ह छापणे नियमबाह्य ठरेल. चामडे कुठल्या पद्धतीने कमावले आहे आणि वस्तू कुठे शिवली आहे, हे खरे आणि साधे विधान मात्र कोणीही छापू शकतो, व तेच ग्राहकाला अधिक विश्वासार्ह वाटते.

चाचणी

मोठी मागणी नोंदवण्यापूर्वी दोन चाचण्या अवश्य कराव्यात. पहिली पडण्याची: इंटरनॅशनल सेफ ट्रान्झिट असोसिएशनच्या मूलभूत पद्धतीत हलके पार्सल सुमारे ७६ सेंटिमीटर उंचीवरून दहा वेळा टाकले जाते, एकदा कोपऱ्यावर, त्या कोपऱ्याला मिळणाऱ्या तीन कडांवर आणि सहाही पृष्ठभागांवर. टेबलाच्या उंचीवरून ती कोणत्याही कार्यशाळेत करून पाहता येते. दुसरी चाचणी साहित्याच्या परस्परसंपर्काची आहे. ब्रिटिश म्युझियममधील अँड्र्यू ऑडी यांनी १९७३ मध्ये संग्रहालयातील कपाटांचे साहित्य धातूंना अपाय करते का हे तपासण्यासाठी एक पद्धत बसवली, जिच्यात ते साहित्य चांदी, शिसे आणि तांब्याच्या पत्र्यांसह ६० अंश सेल्सिअस तापमानाच्या दमट बंद भांड्यात २८ दिवस ठेवले जाते. तितकी काटेकोर सोय नसली तरी चामड्याचा तुकडा, बकल, कागद, कापड आणि पुठ्ठा एकत्र करून उबदार, दमट जागी तीन-चार आठवडे ठेवले आणि नंतर डाग, चिकटपणा, वास तपासला, तर चुकीचे साहित्य लगेच उघडे पडते. अधिक शास्त्रीय तपासणीसाठी मुंबईत अंधेरी येथे १९६६ मध्ये स्थापन झालेली भारतीय पॅकेजिंग संस्था आणि चेन्नईची १९४८ मधील केंद्रीय चर्म संशोधन संस्था या दोन्ही सार्वजनिक संस्था आहेत.

खोक्यात एक लहान माहितीपत्रही असावे, आणि महाराष्ट्रातील ग्राहकासाठी ते मराठीत असावे. वस्तू भिजली तर सावलीत वाळवावी, उन्हात किंवा इस्त्रीने सुकवू नये. पावसाळ्यात ती प्लास्टिकमध्ये बांधून न ठेवता सुती पिशवीत, हवेशीर जागी ठेवावी. एवढ्या दोन सूचनांनी वस्तूचे आयुष्य वाढते आणि पिशवी कचऱ्यात जाण्याचे टळते.

महाराष्ट्रातील चर्मकारांच्या कसबाला आजवर बाजाराने त्याच्या योग्यतेइतके मोल दिलेले नाही, आणि वेष्टनाच्या अभावी त्यांचा माल दुसऱ्याच्या नावाखाली विकला जाण्याची वेळ अनेकदा आली आहे. स्वतःच्या नावाने उभे राहू पाहणाऱ्या कारागिराने म्हणून पहिला रुपया सुकवण्याच्या खोलीवर, दुसरा आम्लरहित कागदावर आणि मांजरपाटाच्या पिशवीवर, तिसरा नेमक्या मापाच्या खोक्यावर घालावा, आणि सोनेरी अक्षरांसाठी उरेल तेवढाच खर्च करावा. उद्योग विकास संस्थांनीही प्रशिक्षणात शिलाईबरोबर वेष्टनाचा विषय समाविष्ट करावा आणि अनेक लहान उत्पादकांना एकाच डायवर, एकत्रित मागणीने खोकी मिळतील अशी व्यवस्था उभी करावी, कारण एकट्या कारागिराला न परवडणारा हा खर्च दहा जणांत सहज परवडतो.